क्लासमध्ये गुणी, गल्लीत उनाड: तरुण कुत्रा बाहेर ऐकत नाही तेव्हा काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. सहा ते चौदा महिन्यांचा कुत्रा रविवारच्या क्लासमध्ये 'सिट', 'डाउन', 'स्टे' सगळं मुकाट करतो. सोमवारी संध्याकाळी गेटबाहेर पाऊल पडलं की हात उखडेल इतकी ओढ घेतो, समोरून येणाऱ्या काकूंच्या साडीवर पंजे ठेवतो आणि हाक मारली तर कान सुद्धा हलवत नाही. मग निदानही ठरलेलं: 'हट्टी आहे', 'मुधोळ जातच ऐकत नाही', 'ट्रेनरने पैसे घेतले आणि काही शिकवलं नाही'.

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. कुत्रा 'बस' हा शब्द शिकलेलाच नसतो. त्या मैदानावर, त्या वेळी, खिशातून चिकनचा वास येणाऱ्या त्या माणसासमोर बूड टेकायचं, एवढंच तो शिकलेला असतो. एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लागू करणं कुत्र्यांना आपोआप जमत नाही. प्रत्येक नव्या जागी तोच धडा जवळपास पहिल्यापासून द्यावा लागतो. दर वेळी तो लवकर बसतो, पण द्यावा लागतोच. त्यात सहा ते अठरा महिने हे वयात येण्याचे दिवस. आधी पक्कं झालेलंही या काळात डळमळतं.

कुठे तुटतं ते आधी शोधा

घराबाहेरच्या जागा सोप्याकडून अवघडाकडे लिहून काढा. साधारण अशी उतरंड होते: हॉल, पोर्च किंवा अंगण, बंद गेटच्या आतून रस्ता दिसेल अशी जागा, गेटबाहेर दहा पावलं, सकाळी सहाच्या शांततेत, गल्लीचं टोक, बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोसारख्या झाडीच्या भागाची बाहेरची कड, आणि सगळ्यात शेवटी संध्याकाळचं दुसरं रेल्वे गेट किंवा गणपत गल्लीचं तोंड. खेड्यात असाल तर एसटी थांबा आणि दूध डेअरीची सकाळची रांग ही वरची पायरी समजा.

प्रत्येक पायरीवर एकच हुकूम पाच वेळा द्यायचा, प्रत्येक वेळी एकदाच. पाचपैकी पाच वेळा केलं तर पुढची पायरी. तीन किंवा चार झाले तर तिथेच थांबा. दोन किंवा कमी, तर एक पायरी खाली. यात भावना आणायची नाही; तो 'मुद्दाम करतोय' का याचा विचार करण्याऐवजी आकडा बघायचा. बहुतेक घरांत असं दिसतं की हॉलमध्ये पाच, पोर्चमध्ये चार आणि गेटबाहेर थेट शून्य. म्हणजे गोंधळ पोर्च आणि गेट यांच्यामध्ये आहे, आणि तिथे कोणी सरावच घेतलेला नाही.

दुसरी चूक 'स्टे'मध्ये हमखास होते. अंतर, वेळ आणि आजूबाजूची गडबड या तीन गोष्टी एकदम वाढवल्या जातात. घरात दोन पावलांवर दहा सेकंद थांबणाऱ्या कुत्र्याला क्लासमध्ये दहा पावलांवर अर्धा मिनिट बसवतात, तेही शेजारी दुसरं पिल्लू उड्या मारत असताना. एक वाढवलं की बाकीचे दोन कमी करा. गेटबाहेरचा पहिला 'स्टे' तीन सेकंदांचा, लीश हातात, तुम्ही समोरच उभे. यापेक्षा जास्त मागू नका.

हातात खाऊ असला तरच ऐकतो

हा कुत्र्याचा लबाडपणा नव्हे, शिकवण्यातली राहून गेलेली पायरी आहे. सुरुवातीला नाकासमोर खाऊ धरून बसवतात ते ठीक, पण चार-पाच वेळा झालं की हात रिकामा व्हायला हवा. हाताची खूण तीच ठेवायची, बोटांत काही नाही. कुत्रा बसला की त्या क्षणी 'येस' म्हणायचं आणि मग दुसऱ्या हाताने कमरेच्या पिशवीतून तुकडा काढायचा. 'येस' अर्ध्या सेकंदात यायला हवा. तुकडा दोन सेकंदांनी पोचला तरी चालतो. 'येस'ला उशीर झाला तर कुत्रा तोवर उठलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं.

तुकडा वाटाण्याएवढा. १०० ग्रॅम उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे शंभराहून जास्त तुकडे होतात, आणि तासाभराच्या क्लासला तेवढे लागतात. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं. घरात रोजची बिस्किटं चालतील, पण गेटबाहेर जिथे मांजर, कचऱ्याचा ढीग आणि भजीच्या गाडीचा वास आहे तिथे कोरडं बिस्किट हरणारच. दिवसभराच्या आहारात असा खाऊ दहाव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. क्लासच्या दिवशी रात्रीचं जेवण त्या हिशेबाने कमी करा. क्लासआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवा. भरल्या पोटी आणलेला कुत्रा शिकत नाही, झोपतो.

काय द्यायचं नाही हेही सांगायला हवं, कारण पाहुणे ऐकत नाहीत. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, आणि अथणी-विजापूरकडच्या घरांत बेदाण्याचा डबा हाताशीच असतो. चॉकलेट, कांदा, लसूण नको. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून टोकदार होतात. कुंद्याचा तुकडा विषारी नाही, पण साखर आणि खवा पचवताना कुत्र्याचं पोट बिघडतं आणि पुढचा क्लास बुडतो.

घरात चार माणसं, चार भाषा

सीमाभागातली ही खास अडचण, आणि ट्रेनर ती क्वचितच विचारतात. क्लासमध्ये 'सिट'. घरी आई म्हणते 'बस'. आजोबा म्हणतात 'खाली बस, खाली'. शेजारचे कन्नड बोलणारे काका गेटवरून 'बा, बा' म्हणून बोलावतात. कुत्र्याला भाषा कळत नाही, आवाजाचा आकार कळतो. 'बस' आणि 'बा' त्याच्या कानाला जवळचे आहेत, आणि एकाचा अर्थ टेकायचं तर दुसऱ्याचा धावत यायचं. असा कुत्रा अर्धा बसतो, अर्धा उठतो आणि मार खातो.

उपाय कागदाचा. फ्रिजवर सहा ओळी चिकटवा: बसायला एक शब्द, आडवं व्हायला एक, थांबायला एक, यायला एक, तोंडातलं सोडायला एक, आणि 'आता मोकळा' याला एक. भाषा कुठलीही चालेल. घरात वृद्ध माणसं असतील तर त्यांच्या तोंडात आधीच असलेला शब्द घ्या, ट्रेनर आणि तरुण मंडळी जुळवून घेतील. उलटं होत नाही. शेवटचा 'मोकळा' हा शब्द बहुतेक घरांत नसतोच, म्हणून 'स्टे' कधी संपला हे कुत्रा स्वतःच ठरवतो.

आणि शब्द एकदाच. 'बस, बस, बस रे, बस म्हटलं ना' असं चार वेळा म्हणणाऱ्या घरात कुत्रा चौथ्या 'बस'ला बसायचं असतं असं शिकतो. एकदा म्हणा, तीन सेकंद थांबा. नाही बसला तर हाताची खूण द्या. तरीही नाही, तर जागा अवघड आहे. चार पावलं मागे जाऊन पुन्हा विचारा.

लीश ओढतो

ओढणं थांबत नाही याचं कारण एकच: ओढल्यावर तो हव्या त्या खांबापाशी पोचतो. दहापैकी आठ वेळा तुम्ही थांबलात आणि दोन वेळा ऑफिसची घाई म्हणून ओढू दिलं, तर ते दोनच त्याच्या लक्षात राहतात. कधीतरी मिळणारं बक्षीस सवय जास्त चिवट करतं.

साहित्य आधी नीट करा. सपाट पट्ट्याची ६ फुटी लीश. बटण दाबलं की लांबणारी गुंडाळीची लीश या कामाला निरुपयोगी, कारण तिच्यात सतत थोडा ताण असतो आणि ताण म्हणजेच चालणं असं कुत्रा धरून चालतो. छातीवर इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराचा, खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस. गळपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. लोखंडी साखळी सरावाला नको; तिच्या वजनानेच ती कधी सैल वाटत नाही.

१. घरात, लीश लावून उभे राहा. लीश सैल आणि कुत्र्याचं डोकं तुमच्या डाव्या गुडघ्यापाशी आलं की 'येस', आणि तुकडा पॅंटच्या शिवणीला टेकवून द्या. समोर हात लांब करून दिलात तर तो पुढेच यायला शिकेल.

२. एक पाऊल, तुकडा. दोन पावलं, तुकडा. तीन. असं दहापर्यंत, मग मध्येच पुन्हा दोन. दर वेळी वाढतच गेलं तर कुत्रा कंटाळतो.

३. बाहेर फक्त २० मीटरचा पट्टा निवडा, गेटपासून शेजारच्या गेटपर्यंत. तिथेच ये-जा. लीश ताणली की पाय रोवून थांबा, हिसडा देऊ नका, बोलू नका. सैल झाली की विरुद्ध दिशेला वळून चला. पहिला आठवडा कुठेही पोचायचं नाही.

तिसरी पायरी लोकांना सहन होत नाही. दहा मिनिटांत तीस मीटर चालणं म्हणजे वेळ वाया, असं वाटतं. त्यासाठी एक युक्ती चांगली चालते: सरावाच्या वेळी लीश गळपट्ट्याला लावायची आणि घाईच्या फेरीला हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. कुत्रा आठवड्या-दोन आठवड्यांत फरक ओळखतो. पाठीवरच्या कडीला ओढलं तर ओढू दे; गळपट्ट्याला लावलं की नियम कधीच मोडायचा नाही. मात्र हार्नेसची फेरी हुंगण्यासाठी खरीच मोकळी द्या. मनसोक्त हुंगलेला कुत्रा शांत होतो. त्याला दमवायला स्कूटरला बांधून पळवणं धोक्याचं आहेच, शिवाय त्याने दम वाढतो, ऐकणं नाही.

हाक मारली की उलटा पळतो

'ये' हा शब्द बहुतेक वेळा घरच्यांनीच खराब केलेला असतो. ये म्हटलं आणि आंघोळ घातली. ये म्हटलं आणि साखळीला बांधला. ये म्हटलं आणि मैदानातला खेळ संपला. उशिरा आला म्हणून वरून एक फटका. अशा शब्दाची दुरुस्ती करण्यात वेळ घालवू नका, सोडून द्या. नवा शब्द घ्या किंवा शिट्टी घ्या. शिट्टीत कोणाचा राग ऐकू येत नाही आणि घरात कोणीही वाजवली तरी सारखीच वाजते.

सुरुवात पॅसेजमध्ये दोन माणसांनी, पाच पावलांच्या अंतरावर. शिट्टी एकदा, मागे सरकत चला, कुत्रा पोचला की आधी गळपट्ट्याला हात लावा आणि मग पाच तुकडे एकामागून एक द्या, एकदम मूठभर नाही. लगेच 'मोकळा' म्हणून सोडा. गळपट्ट्याला हात लावण्याची पायरी गाळली की कुत्रा जवळ येतो पण हातभर अंतरावर थांबून नाचतो, हे दृश्य ओळखीचं असेल. बाहेर ८ ते १० मीटरची लांब दोरी, हार्नेसला बांधलेली, गळ्याला कधीच नाही. पूर्ण वेगात दोरी संपली तर मानेला इजा होते. हातात जाड मोजे घाला, नायलॉनची दोरी सरकताना तळहात सोलते. येईल याची खात्री नसेल तर बोलावू नका, चालत जाऊन आणा.

शेताकडे नेत असाल तर पीक काढलेलं, चारी बाजू दिसणारं रान निवडा. उभ्या उसात शिरलेला कुत्रा दिसतही नाही आणि ऐकतही नाही. खानापूरकडच्या जंगलालगत रानडुकरांसाठी लावलेल्या तारा आणि फासे असू शकतात, तिथे दोरी सोडणं म्हणजे जुगार. निपाणी भागात वाळत घातलेल्या तंबाखूपासून लांब राहा; निकोटिन कुत्र्याला विषारी आहे आणि तरुण कुत्रा सगळं तोंडात घालतो. तंबाखू वाळवण्याच्या मोसमात 'सोड' हा शब्द 'ये'पेक्षा आधी पक्का करा.

मुधोळ आणि बारीक अंगाची कुत्री

बेळगावच्या क्लासमध्ये लॅब्रेडोरसोबत मुधोळ असतोच, आणि 'हा बसत नाही' ही तक्रार त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त. मांड्यांना चरबी नाही, कातडी पातळ, मागचे पाय लांब. थंड शहाबादी फरशीवर किंवा खडीवर त्याला बसणं खरोखरच टोचतं. पोत्याचा तुकडा किंवा जुनी सतरंजी घेऊन जा आणि तिच्यावर बसवा. तरीही अवघड वाटलं तर 'बस'ऐवजी 'उभा थांब' शिकवा. रस्ता ओलांडताना स्थिर राहणं महत्त्वाचं, बूड टेकणं नव्हे.

दुसरी गोष्ट, त्याची मान डोक्यापेक्षा जाड असते. साधा पट्टा मागे सरकला की सहज निघून येतो आणि कुत्रा रस्त्यावर मोकळा. ओढल्यावर मर्यादेपर्यंतच आवळणारा रुंद कापडी पट्टा घ्या. तिसरी, तो नजरेने शिकार करणारा आहे. ससा किंवा मोर पळताना दिसला की कानांचं काम संपतं. म्हणून त्याला कुंपणाबाहेर दोरीशिवाय सोडूच नये, प्रशिक्षण कितीही चांगलं असलं तरी. पण 'ही जात शिकत नाही' हे चूक. २००५ साली डाक तिकिटावर आलेल्या या कुत्र्यांना लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिलं गेलं आहे. त्यांना कंटाळा लवकर येतो, एवढंच: पाच मिनिटांचे तीन सराव घ्या, पंधरा मिनिटांचा एक घेऊ नका.

क्लासमध्येच भुंकतो

पहिल्या दोन रविवारी हे होणारच. प्रश्न असतो अंतराचा. दुसरा कुत्रा दिसतो आहे पण तुकडा अजून खातोय, ते योग्य अंतर. तुकडा तोंडाजवळ नेला तरी घेत नाही, नजर हलत नाही, अंग ताठ, म्हणजे फार जवळ आलात. तिथे 'सिट' ओरडण्यात अर्थ नाही. मागे सरका, लागलं तर मैदानाबाहेर, उभ्या केलेल्या कारच्या आडोशाला. त्याने दुसऱ्या कुत्र्याकडे पाहिलं की 'येस', तुकडा. पुन्हा पाहिलं, 'येस', तुकडा. थोड्या वेळाने तो कुत्र्याकडे पाहून स्वतःच तुमच्याकडे वळतो. मग दोन पावलं पुढे.

ट्रेनर अशा वेळी आवळणारी साखळी चढवून हिसडे देत असेल तर क्लास बदला. भुंकणं थांबल्यासारखं दिसतं, पण कुत्र्याच्या डोक्यात बसतं ते वेगळंच: दुसरा कुत्रा दिसला की गळा दुखतो. पुढे गुरगुर न करता थेट चावणारा कुत्रा यातून तयार होऊ शकतो. चांगल्या क्लासची खूण साधी आहे. सहा-आठच्या वर कुत्री नसतात, लसीकरणाचं कार्ड आधी बघतात आणि लीश तुमच्या हातात देतात. 'महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून परत देतो' यात कुत्रा त्यांचं ऐकायला शिकतो, तुम्ही काहीच शिकत नाही.

गल्लीतली भटकी कुत्री हा वेगळा विषय. ती भुंकत आली तर आपल्या कुत्र्याला उचलू नका, पळू नका. मूठभर खाऊ त्यांच्या दिशेला फेका आणि वळसा घालून चालत निघा. त्या काही सेकंदांत बाहेर पडता येतं. 'वळ' म्हणून झटकन मागे फिरण्याचा सराव घरात आधीच झालेला हवा.

उड्या आणि चावरेपणा

चारही पाय जमिनीवर असतील तरच हात लागेल, हा नियम पाहुण्यांसकट सगळ्यांना. उडी मारली की पाठ फिरवा. पहिले काही दिवस उड्या वाढतात; तिथे हार मानून ढकललंत तर ढकलणंच त्याला खेळ वाटतो. पाहुणे येण्याआधी लीश लावून ठेवणं सोपं पडतं. चार ते सहा महिन्यांच्या पिल्लाचे दात बदलत असतात, त्याला चावायला ओलं करून गोठवलेलं कापड द्या. संध्याकाळी सात-आठला अचानक पिसाळल्यासारखं करत असेल तर बहुधा झोप अपुरी आहे. पिल्लाला दिवसाला सोळा-अठरा तास लागते. भर रहदारीच्या गेटला दिवसभर बांधलेलं पिल्लू ती घेऊच शकत नाही.

पाऊस आणि उन्हाळा

जून ते सप्टेंबर मैदान मिळत नाही आणि शिकलेलं विसरलं जातं. अपार्टमेंटचं पार्किंग, जिना, बंद दुकानाचा ओटा या नव्या जागाच आहेत, वर सांगितलेल्या उतरंडीत त्या घाला. छत्री उघडण्याचा सराव घरात घ्या, नाहीतर पहिल्या सरीला कुत्रा बिथरतो. ढोल-ताशा आणि फटाक्यांचे आवाज गणपतीच्या महिनाभर आधीपासून मोबाइलवर अगदी हळू लावा आणि त्यावर जेवण द्या. जेवण थांबलं तर आवाज कमी करा. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही चालवत नाही.

अचानक ऐकेनासा झाला तर

महिनाभर नीट करणारा कुत्रा दोन दिवसांत बसायला नकार देऊ लागला, जिना टाळू लागला, हाक ऐकू येत नसल्यासारखं करू लागला, तर सराव थांबवा आणि आधी पशुवैद्याकडे जा. कानातला संसर्ग, सांध्याचं दुखणं, पावसाळ्यात गवतातल्या गोचिडांमुळे येणारा ताप, ही नेहमीची कारणं. गोचीड-तापात हिरड्या फिक्या पडतात, खाणं सुटतं, अंग गरम लागतं. कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली रोज हात फिरवून बघा.

खाण्याच्या भांड्यावर गुरगुरणं, अंग ताठ करून थिजणं, किंवा रक्त येईल असा चावा, यासाठी गटाचा क्लास नाही. एकट्याचं प्रशिक्षण आणि पशुवैद्यकीय तपासणी दोन्ही लागतात. चावा घरच्या लसीकरण झालेल्या कुत्र्याचा असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवा.